सोसायटीच्या एक्सेल शीट डेटाबेसमध्ये आणताना आधी एक ओळ म्हणजे काय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावची कृषी पत्तीन (शेतीला कर्ज देणारी) सोसायटी, साधारण ३०० सभासद, जोडीला दूध संकलन. हिशेब पाच एक्सेल फायलींत. सभासदाचं नाव उताऱ्यावर कन्नडमध्ये, सोसायटीच्या रजिस्टरात मराठीत, पासबुकावर इंग्रजीत. त्यामुळे एकच माणूस तीन ठिकाणी तीन वेगळे सभासद होऊन बसतो आणि दुधाचं बिल कर्जाच्या खात्याशी जुळत नाही. आता डेटाबेस करायचा आहे, तर टेबलं किती आणि कोणती करायची?

टेबलं किती, हे शेवटी आपोआप कळतं. आधी वही घ्या आणि संस्थेत रोज जे घडतं ते साध्या वाक्यांत लिहून काढा. उदाहरणार्थ: "सभासद २१४ ने १२ जुलै २०२४ रोजी सकाळी म्हशीचं ४.५ लिटर दूध घातलं, फॅट ६.८, एसएनएफ ९.०." (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ.) हे वाक्य म्हणजे दूध टेबलातली एक ओळ. आता वाक्याचे दोन भाग पाडा. कोणती नोंद ते सांगणारा भाग: सभासद, दिनांक, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस. त्या नोंदीबद्दल माहिती देणारा भाग: लिटर, फॅट, एसएनएफ. पहिला भाग म्हणजे किल्ली, दुसरा भाग म्हणजे बाकीचे रकाने. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना जी रिलेशनल पद्धत मांडली, ती तर्कशास्त्रातून आलेली आहे. टेबल म्हणजे एकाच साच्याच्या खऱ्या विधानांचा संच. ज्या टेबलातली ओळ तुम्हाला एका वाक्यात वाचून दाखवता येत नाही, ते टेबल चुकलेलं आहे असं धरा.

बहुतेक संस्थांत दुधाची शीट अशी असते: डावीकडे सभासदांची नावं, वर १ ते ३१ तारखा, प्रत्येक तारखेखाली सकाळ आणि संध्याकाळ. म्हणजे ६२ रकाने आणि दर महिन्याला नवी शीट. कागदावर ही मांडणी छान दिसते, पण इथे तारीख ही माहिती असूनही ती रकान्याचं नाव बनली आहे. "एप्रिल ते जुलै या काळात कोणाचं संध्याकाळचं दूध सलग दहा दिवस आलं नाही?" हा प्रश्न अशा शीटला विचारताच येत नाही. तारीख आणि वेळ ओळीत आणा. ३०० सभासद, दिवसाला २ वेळा, ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला २,१९,००० ओळी. आकडा बघून घाबरू नका, डेटाबेससाठी हे किरकोळ आहे. एक्सेलची एक शीट मात्र १०,४८,५७६ ओळींवर थांबते, म्हणजे पाच वर्षांतच ती भरेल.

किल्लीकडे आता जरा बारकाईने बघा, कारण निम्मे घोळ इथेच होतात. संकलनाच्या वेळी वीज जाते, स्क्रीन परत येते, नोंद झाली की नाही ते कळत नाही, म्हणून ऑपरेटर पुन्हा एंटर दाबतो. एकाच सकाळचं दूध दोनदा चढतं. उपाय ऑपरेटरला बजावण्यात नाही, डेटाबेसमध्येच आहे: सभासद, दिनांक, वेळ आणि जनावर हे चार रकाने मिळून युनिक करा. दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारेल. एखादा सभासद एकाच सकाळी म्हशीच्या दुधाची दोन भांडी आणत असेल आणि दोन्हींचं फॅट वेगळं काढलं जात असेल, तर किल्लीत भांडं क्रमांकही घ्यावा लागेल. हे तुमच्या संस्थेची पद्धत बघितल्याशिवाय ठरत नाही, म्हणून वही आधी.

सभासदाची किल्ली काय असावी? सोसायटीचा सभासद क्रमांक चांगला वाटतो, पण सभासद वारला की तोच क्रमांक वारसाच्या नावावर चालू ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते. मग जुन्या माणसाचं कर्ज आणि नव्या माणसाचं दूध एकाच क्रमांकाखाली जातं. मोबाइल नंबरही चालत नाही, कारण एका घरात आई, मुलगा आणि सून तिघांच्या नोंदीत एकच नंबर असतो आणि सिम बदललं की तो जातो. आधार क्रमांक तर किल्ली म्हणून मुळीच वापरू नका. तो संवेदनशील आहे, आणि किल्ली झाला की प्रत्येक टेबलात पसरतो. म्हणून प्रत्येक माणसाला डेटाबेसने दिलेला, अर्थ नसलेला आणि कधीही न बदलणारा क्रमांक ठेवा. सोसायटीचा सभासद क्रमांक हा वेगळा रकाना, कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहे त्यासकट.

आता नावांचा प्रश्न. आपल्या भागात तो सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्याला वेळ द्या. माणसाचं "खरं" नाव कोणतं हे ठरवायला जाऊ नका. एक वेगळं टेबल करा, त्यातली ओळ अशी वाचता येईल: "व्यक्ती ८७ चं नाव कन्नड लिपीत, उताऱ्यावर, असं लिहिलेलं आहे." रकाने चार: व्यक्ती, लिपी, कागद, आणि त्या कागदावर आहे तसंच नाव. एका कागदावर परशराम आणि दुसऱ्यावर परशुराम असेल तर दोन्ही ठेवा, सुधारू नका. बँकेत पैसे पाठवताना पासबुकावरचंच नाव लागतं, उताऱ्याच्या कामाला उताऱ्यावरचंच. जुन्या पाच फायलींतून दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत का, हे शोधताना गाव, वडिलांचं नाव आणि मोबाइल जुळतात अशा जोड्यांची यादी काढा आणि ती गावातल्या जाणत्या माणसापुढे ठेवा. एका गावात एकाच नावाचे आणि वडिलांचंही नाव तेच असलेले दोघे चुलतभाऊ सहज सापडतात, त्यामुळे प्रोग्रॅमला आपोआप एकत्र करू देऊ नका. दोन माणसं चुकून एक झाली तर त्यांची खाती पुन्हा वेगळी करणं फार कठीण जातं.

मराठी मजकुराची एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. "शेतकऱ्यांचा" या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण साठवलेली अक्षरं वेगळी असतात आणि शोधात एक सापडतं, दुसरं सापडत नाही. वकिलांच्या नावाआधीचं "ॲड." असंच आहे. ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि काही जण अ टाइप करून त्यावर अर्धचंद्र देतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एनएफसी, ऱ आणि नुक्ता दिलेला र यांना एक करतं, पण वरच्या दोन जोड्यांना हात लावत नाही. म्हणून नोंद आत घेतानाच तीन गोष्टी करा: एनएफसी लावा, या दोन जोड्यांचं एकच रूप ठरवून बदला, आणि पुढचे-मागचे रिकामे स्पेस काढा. मूळ नाव जसंच्या तसं ठेवायचं आहेच, तर हे साफ केलेलं रूप शोधासाठी वेगळ्या रकान्यात ठेवा.

जुन्या फायली श्रीलिपीसारख्या फॉन्टवर टाइप केलेल्या असतील, कन्नड नोंदी नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टवर असतील, तर तो मजकूर मराठी किंवा कन्नड नाहीच. तो इंग्रजी अक्षरांचा कचरा आहे आणि फक्त त्या फॉन्टमुळे वाचता येतो. डेटाबेसमध्ये नेण्याआधी तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागेल आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतील. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हे डेटाबेस वापरत असाल तर अक्षरं साठवण्याची यूटीएफ८एमबी४ ही पद्धत निवडा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराच्या रकान्याचा साधा व्हारचार हा प्रकार घेतला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात. तिथे एनव्हारचार घ्या आणि मजकुराच्या आधी एन लावायला विसरू नका. ती प्रश्नचिन्हं एकदा साठवली गेली की मूळ नाव परत मिळत नाही. यादी अकारविल्हे लावताना आणखी एक गंमत होते. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीची मराठी क्रमवारी निवडली की हे जुळतं.

गावाचं नाव कुठेही हाताने लिहू देऊ नका. गावांचं एक टेबल, बाकी सगळीकडे फक्त त्याचा क्रमांक. बेळगाव, बेळगावी, बेलगाम अशी तीन रूपं एकाच रकान्यात आली की गावनिहाय बेरीज फसते. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. पत्ता प्रत्येक ओळीत मजकूर म्हणून लिहिलेला होता त्यांना हजारो ओळी बदलाव्या लागल्या असत्या. जागांचं टेबल असेल तर एका ओळीत नवं नाव, आणि जुनं नाव तारखेसकट पर्यायी नावांच्या टेबलात. नॉर्मलायझेशन म्हणतात ते हेच: एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहिलेली. दुधाच्या ओळीत सभासदाचं गाव लिहिलंत, तर ते सभासदाबद्दलचं विधान दुधाच्या वाक्यात घुसलं. गाव बदललं की काही ओळी नव्या, काही जुन्या राहतात. आणि ज्याने अजून दूध घातलंच नाही त्याचं गाव कुठेच लिहिता येत नाही. दुसरी, तिसरी नॉर्मल फॉर्म यांची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक रकान्याला विचारा: हा नेमकं कोणाबद्दल बोलतोय?

जमिनीचं टेबल करताना आपल्याकडच्या उताऱ्याची रचना नीट समजून घ्या. सर्व्हे नंबर, त्यापुढे सर्नोक (उताऱ्यावरचा एक रकाना), त्यापुढे हिस्सा. सर्नोकच्या जागी बहुतेक वेळा नुसतं फुलीसारखं चिन्ह असतं. सर्व्हे नंबर फक्त गावापुरता वेगळा असतो, त्यामुळे किल्ली गाव, सर्व्हे, सर्नोक आणि हिस्सा मिळून होते. हे सगळे मजकूर म्हणून ठेवा, आकडा म्हणून नाही. एक्सेलमध्ये ५/२ टाइप केलं की तो त्याची तारीख करतो आणि हिस्सा नंबर कायमचा हरवतो. तीच गत बँक खात्याच्या क्रमांकांची: सुरुवातीची शून्यं गळतात, आणि १५ अंकांच्या पुढचे अंक एक्सेल शून्य करून टाकतो. ज्याची कधी बेरीज करायची नाही, तो आकडा नव्हे.

क्षेत्रफळाची चूक तर जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये असते. उताऱ्यावर २.२० लिहिलेलं असतं. ते दोन पूर्णांक दोन दशांश एकर नव्हे, ते २ एकर २० गुंठे आहेत, म्हणजे अडीच एकर. शेजारच्या ओळीत १.३० आहे, म्हणजे १ एकर ३० गुंठे. एक्सेलने बेरीज केली ३.५०. खरी बेरीज ४ एकर १० गुंठे. एकराचे गुंठे ४०, गुंठ्याचे आणे १६, त्यामुळे एकराचे ६४० आणे. क्षेत्र पूर्ण आण्यांत एकाच रकान्यात ठेवा: पहिली जमीन १६०० आणे, दुसरी ११२०, बेरीज २७२०, तिला १६ ने भागलं की १७० गुंठे, म्हणजे ४ एकर १०. दाखवताना एकर-गुंठे-आणे करा, साठवताना एकच एकक. कर्जाची मर्यादा क्षेत्रावर ठरते, तेव्हा पाऊण एकराचा फरक सभासदाच्या खिशाला लागतो. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही काहींची जमीन असते आणि तिथला सातबारा हेक्टर-आरमध्ये येतो. त्या जमिनीसाठी मूळ एकक कोणतं होतं हा रकाना ठेवा, म्हणजे रूपांतराची शंका आली तर कागदाशी ताडता येईल.

एका उताऱ्यावर तीन भावांची नावं आणि एका भावाचं नाव चार उताऱ्यांवर, हे नेहमीचंच. जमिनीच्या टेबलात "मालक १, मालक २, मालक ३" असे रकाने करू नका. चौथी बहीण वारसाने लागली की मांडणी मोडते. मधलं एक टेबल करा: अमुक व्यक्तीचा, अमुक जमिनीत, इतके आणे क्षेत्राचा हक्क, अमुक तारखेपासून. दोन्ही बाजूंनी अनेक संबंध असला की मधलं टेबल येतंच, त्यातून सुटका नाही.

पैशाला फ्लोट, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार, कधीच नको. दशांश प्रकार वापरा किंवा पैशांत पूर्णांक ठेवा. फ्लोटमध्ये ०.१ ही संख्यासुद्धा अचूक बसत नाही आणि हजारो नोंदींच्या बेरजेत पैसे सरकतात. पूर्णांकीकरण कुठे करायचं, हे संस्थेने ठरवून लिहून ठेवावं. ४.३ लिटर गुणिले ४७.३५ रुपये म्हणजे २०३.६०५. प्रत्येक वेळी अर्धा पैसा वर किंवा खाली गेला, तर दहा दिवसांच्या बिलात २० वेळांचे दहा पैसे होतात. रक्कम छोटी आहे, पण ऑडिटच्या वेळी खतावणी आणि बिल यांत फरक का, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

दर बदलतो, म्हणून दरपत्रकाचं टेबल जनावर, फॅट, एसएनएफ आणि लागू दिनांक यांवर करा. "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन तारखा ठेवल्या की कुठेतरी दोन दर एकमेकांवर चढतात किंवा मध्ये एक दिवस दराशिवाय राहतो. फक्त "पासून" ठेवा. पुढचा दर लागू होईपर्यंत मागचा चालू. इथे एक प्रश्न हटकून येतो: दर टेबलातून काढता येतो, तर दुधाच्या ओळीत पुन्हा कशाला लिहायचा? माझं मत स्पष्ट आहे, लिहा. दरपत्रकातला दर आणि त्या सकाळी प्रत्यक्ष लावलेला दर ही दोन वेगळी विधानं आहेत. उद्या दरपत्रकातली चूक दुरुस्त केली, तर सभासदाला आधीच दिलेलं बिल मागे जाऊन बदलता कामा नये.

फॅटचं मशीन बंद असेल त्या दिवशी रकाना रिकामा, म्हणजे नल, ठेवा. शून्य लिहू नका. ६.८, ७.० आणि शून्य यांची सरासरी ४.६ येते, नल असेल तर डेटाबेस ती नोंद सोडून ६.९ देतो. आणि रकान्याला चेकची अट घाला, फॅट अमुक ते अमुक. ६.८ च्या जागी ६८ दाबलं गेलं तर तिथेच अडेल.

कर्जाचा हप्ता घेताना दोन गोष्टी होतात: कीर्दीत रोख जमा आणि कर्जखात्यात बाकी कमी. या दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हव्यात, म्हणजे मध्येच वीज गेली तर दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. चुकलेली नोंद पुसू नका, उलट नोंद करा आणि मग बरोबर नोंद करा. कीर्द-खतावणीची ही जुनी शिस्त डेटाबेसमध्येही तशीच लागू आहे. बाकी ही नोंदींच्या बेरजेतूनच यावी. वेगासाठी ती वेगळी साठवली, तर रोज रात्री बेरजेशी ताडून बघा.

कोणता डेटाबेस? एकच संगणक असेल तर एसक्यूलाइट पुरतो, पण त्यात फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात खरोखर आहे का याची, तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीत ती चालू करावी लागते. शिवाय आकड्याच्या रकान्यात तो मजकूरही स्वीकारतो, ३.३७ आवृत्तीपासून टेबल स्ट्रिक्ट करता येतं, ते करा. दुधाच्या काट्यावर एक आणि ऑफिसात एक असे दोन संगणक असतील, तर एसक्यूलाइटची फाइल शेअर्ड फोल्डरवर ठेवून दोघांनी वापरू नका, फाइल खराब होऊ शकते. तिथे पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी घ्या. कुठे जुनं मायएसक्यूएल असेल तर ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेकची अट मुकाट्याने वाचून सोडून देतात, आणि मायआयसॅम प्रकारच्या टेबलात फॉरेन की आणि ट्रान्झॅक्शन दोन्ही नाहीत. अट लिहिली म्हणजे ती लागू आहे असं समजू नका. मुद्दाम चुकीची ओळ घालून बघा.

इंडेक्सबद्दल, म्हणजे ओळी लवकर सापडाव्यात म्हणून डेटाबेस ठेवतो त्या सूचीबद्दल, फार डोकं खपवू नका. दूध टेबलावर सभासद आणि दिनांक या क्रमाने एक, आणि नुसत्या दिनांकावर एक, एवढं पुष्कळ झालं. वर्षाची यादी मागताना दिनांकातून वर्ष काढून तुलना केली तर साधा इंडेक्स वापरला जात नाही. "१ एप्रिल २०२४ पासून, १ एप्रिल २०२५ च्या आधी" असं विचारा.

शेवटी जुनी माहिती आत आणण्याचं काम. एक्सेल थेट खऱ्या टेबलांत ओतू नका. आधी सगळे रकाने मजकूर असलेल्या कच्च्या टेबलात जसंच्या तसं घ्या, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक जोडून. तिथून एकेक अट लावत पुढे न्या आणि नाकारलेल्या ओळी कारणासकट वेगळ्या टेबलात ठेवा. पहिल्या फेरीत नाकारलेल्या ओळी भरपूर निघतील: तारखा झालेले हिस्से, दोनदा चढलेलं दूध, गाव नसलेले सभासद. त्या संस्थेच्या सेक्रेटरींसोबत बसून कागदावरून सोडवा. मग निदान तीन बिलं एक्सेल आणि डेटाबेस दोन्हीकडे काढा आणि सभासदागणिक फरकाची यादी छापा. रोज रात्री बॅकअप घेताना चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या कॉपी करू नका, डेटाबेसचं स्वतःचं डंप साधन वापरा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटचं बिल काढून बघा. तिन्ही बिलांतला फरक शून्यावर आला की एक्सेल फायली फक्त वाचण्यापुरत्या उघड्या ठेवा आणि लिहिण्यासाठी बंद करा.